पगारातले दोनशे रुपये आणि विधिमंडळ : संशोधनासाठी राज्याचं विधिमंडळ कसं वाचायचं?



सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळे एक वाक्य फार सहज लिहून जातो. "महाराष्ट्र विधिमंडळाने अमुक योजना सुरू केली." माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. मी लिहिलं होतं, "१९७२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमी योजना सुरू केली." गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "विधिमंडळ म्हणजे कोण? आणि सुरू केली म्हणजे नक्की काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. एमएला राज्यशास्त्राचा पेपर दिला होता, २८८ आणि ७८ हे आकडे पाठ होते, तरीही नाही. त्या एका रेघेमुळे माझं सिनॉप्सिस दोन महिने लांबलं. आज वाटतं, बरं झालं. कारण त्या वाक्यात तीन चुका होत्या आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर पुढची प्रकरणंही त्यांच्यावरच उभी राहिली असती.

त्या चुका कोणत्या, ते आज रोजगार हमीचंच उदाहरण घेऊन पाहू. सुरुवात करू पगाराच्या स्लिपपासून. घरात कोणी नोकरी करत असेल तर त्यांची स्लिप बघा. 'पी. टी.' या नावाखाली दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर. या कराचा आणि रोजगार हमीचा जवळचा संबंध आहे, आणि तो संबंध विधिमंडळात जुळला.

विधिमंडळ म्हणजे कोण?

संविधानाचा अनुच्छेद १६८ उघडा. राज्याचं विधानमंडळ म्हणजे राज्यपाल आणि सभागृह किंवा सभागृहं. म्हणजे महाराष्ट्रात तीन घटक झाले : राज्यपाल, विधानसभा आणि विधान परिषद. बहुतेक जण राज्यपालांना विसरतात. ते सभागृहाचे सदस्य नसतात, पण त्यांच्या संमतीशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही, म्हणून ते विधिमंडळाचा भाग आहेत.

विधानसभा आपल्या ओळखीची. २८८ जागा, थेट निवडणूक, पाच वर्षांची मुदत. त्यात २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. सदस्य होण्यासाठी किमान वय २५. मंत्रिमंडळ जबाबदार असतं ते याच सभागृहाला. बहुमत सिद्ध करायचं ते इथेच. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. महाराष्ट्रासाठी हा आकडा ४३ येतो.

विधान परिषद सगळ्या राज्यांत नसते. सध्या ती सहाच राज्यांत आहे. शेजारच्या कर्नाटकात आणि तेलंगणात आहे, गोव्यात नाही. तिथे ४० सदस्यांची एकच विधानसभा सगळं काम करते. आपल्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांना कोण निवडतं, हे पाहिलं की या सभागृहाचा स्वभाव कळतो. काही सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. काही जण जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका यांच्या सदस्यांकडून येतात. ७ पदवीधर मतदारसंघांतून, ७ शिक्षक मतदारसंघांतून आणि १२ राज्यपालांकडून नेमले जातात. या १२ जणांसाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांच्यासोबत 'सहकार चळवळ' हेही क्षेत्र संविधानात लिहिलेलं आहे. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्यांच्या यादीत ते नाही.

जाता जाता : तुमची पदवी होऊन तीन वर्षं झाली असतील तर तुम्ही पदवीधर मतदारसंघाचे मतदार होऊ शकता. पण अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं आणि ही यादी प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही.

परिषद कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. किमान वय ३०. विधानसभेत पीठासीन असतात ते अध्यक्ष, परिषदेत सभापती. प्रबंधात 'विधान परिषदेचे अध्यक्ष' असं लिहू नका. परीक्षक तिथेच थांबतात. ही माझी पहिली चूक होती. मी 'विधिमंडळ' लिहिलं, पण यातला कोणता घटक, हे मला माहीतच नव्हतं.

'सुरू केली' म्हणजे काय केलं?

आता रोजगार हमीची गोष्ट क्रमाने पाहू.

कल्पना वि. स. पागे यांची. ते १९६० ते १९७८ एवढा मोठा काळ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ च्या सुमारास या धर्तीचा प्रयोग झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : सभापती म्हणजे सरकार नव्हे. सभापती योजना राबवू शकत नाहीत, तिजोरीतून पैसा देऊ शकत नाहीत. पागे यांना कल्पना घेऊन सरकारकडेच जावं लागलं. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक.

१९७२ मध्ये योजना जाहीर झाली ती सरकारच्या निर्णयाने. म्हणजे कार्यकारी मंडळाने. त्याच सुमाराला राज्यात मोठा दुष्काळ पडला आणि आधी दुष्काळी कामं जोरात चालली. ती आवरल्यावर योजना पुन्हा नीट मार्गी लागली. म्हणजे १९७२ हे साल बरोबर होतं, पण कर्ता चुकला होता. ही दुसरी चूक.

हा फक्त व्याकरणाचा प्रश्न नाही. शासन निर्णयाने, म्हणजे आपल्या जीआरने, सुरू झालेली योजना दुसऱ्या जीआरने बंद होऊ शकते. पैसा कमी पडला तर काम थांबवता येतं. मजुराला "काम द्या" अशी विनंती करता येते, दावा करता येत नाही. दावा करायचा तर कायदा लागतो.

तो कायदा म्हणजे 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७'. ग्रामीण भागातल्या, अंगमेहनतीचं अकुशल काम करायला तयार असलेल्या प्रौढ माणसाला काम मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता, किमान एक रुपया रोज. रक्कम आज हास्यास्पद वाटेल. पण सरकारने काम न देणं ही आता सरकारची कायदेशीर चूक ठरू लागली. हे काम विधिमंडळाचं होतं. जीआर ते करू शकला नसता.

आता तारखा बघा. कायद्याच्या नावात १९७७ आहे, कारण विधेयक त्या वर्षीचं. कायद्याचा क्रमांक मात्र १९७८ चा २० वा, कारण राष्ट्रपतींची संमती १९७८ मध्ये आली. आणि कायदा अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. एकाच कायद्याची तीन सालं. 'कायद्यानंतर मजुरांची संख्या वाढली का?' असा प्रश्न घेऊन तुम्ही आकडेवारी मांडत असाल तर यातलं कोणतं साल रेघ म्हणून धराल? मी तर १९७२ धरलं होतं. ही तिसरी चूक, आणि हिच्यामुळे माझं सगळं टेबल बदललं.

विधेयकाचा रस्ता

साधं विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येतं. आपल्याकडे विधानसभेत मांडलेल्या विधेयकावर एल. ए. असा क्रमांक असतो आणि परिषदेत मांडलेल्यावर एल. सी. संदर्भ देताना ही अक्षरं गाळू नका. त्यावरूनच विधेयक कुठून निघालं ते कळतं.

मांडल्यानंतर आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेका खंडावर विचार आणि दुरुस्त्या, मग शेवटचं मतदान. मध्ये ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येतं. तसं झालं असेल तर समितीचा अहवाल जरूर मिळवा. सभागृहात दहा मिनिटांत संमत झालेल्या खंडावर समितीत काय भांडण झालं होतं, ते बऱ्याचदा तिथेच सापडतं, सदस्यांच्या भिन्नमतपत्रिकांत.

दोन सभागृहांचं पटलं नाही तर? संसदेत संयुक्त बैठक होते, राज्यात ती सोयच नाही. अनुच्छेद १९७ प्रमाणे विधानसभेने संमत केलेलं विधेयक परिषद पहिल्या वेळी तीन महिने अडवू शकते. विधानसभेने ते पुन्हा संमत केलं की परिषदेला आणखी एक महिना मिळतो. त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचं मानलं जातं. उलट, परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेने फेटाळलं तर ते तिथेच संपतं. थोडक्यात, परिषद उशीर करू शकते, दुरुस्ती सुचवू शकते, पण विधानसभेला कायमचं अडवू शकत नाही.

मग राज्यपाल. ते संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात, धन विधेयक नसेल तर पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवू शकतात. रोजगार हमीचा कायदा या शेवटच्या वाटेने गेला, म्हणूनच नावातल्या आणि क्रमांकातल्या सालांत फरक पडला.

अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. त्यामुळे 'कायदा केव्हा आला' हे बघताना आधी अध्यादेश होता का, तेही तपासा.

आता ते दोनशे रुपये

हक्क दिला, पण मजुरी कुठून द्यायची? त्यासाठी १९७५ मध्येच, म्हणजे हमीच्या कायद्याच्याही आधी, व्यवसाय कराचा कायदा झाला होता. शहरातल्या पगारदाराकडून, व्यावसायिकाकडून थोडा पैसा घ्यायचा आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं, अशी ती रचना. पुढे हमीच्या कायद्यात रोजगार हमी निधी आला, आणि अशा करांतून जेवढा पैसा जमेल तेवढाच वाटा राज्य सरकारनेही घालायचा असं ठरलं.

कर बसवणारं विधेयक हे धन विधेयक असतं. ते फक्त विधानसभेतच मांडता येतं आणि त्याला राज्यपालांची शिफारस लागते. परिषदेला १४ दिवस मिळतात. ती शिफारशी करू शकते. त्या मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवते. अर्थसंकल्पाचंही तसंच. चर्चा दोन्हीकडे होते, पण खात्यांच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत. त्यानंतर विनियोजन विधेयक, आणि तेव्हाच एकत्रित निधीतून पैसा काढता येतो. वर्षाच्या मध्येच पैसा कमी पडला की पुरवणी मागण्या. एखाद्या योजनेचं खरं वजन बघायचं असेल तर भाषणांपेक्षा मूळ तरतूद, पुरवणी मागणी आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा.

मग दरमहा २०० चे ४०० का होत नाहीत? विधिमंडळाला ते करताच येत नाही. अनुच्छेद २७६ मध्ये या करावर माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे आणि ती १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने आली. त्याआधी ती २५० होती. मर्यादा बदलायची तर संसदेने संविधान दुरुस्त करायला हवं. म्हणून तर हिशोब असा बसवला आहे : अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, बरोबर २,५००. राज्याच्या कायदे करण्याच्या अधिकाराची सीमा कुठे असते, याचं याहून सोपं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

कायदा झाल्यावर विधिमंडळाचं काम

कायदा करणं हे विधिमंडळाचं एक काम. दुसरं काम सरकारला जाब विचारण्याचं, आणि संशोधनाला खरा कच्चा माल इथे मिळतो.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं. लक्षवेधी सूचनेने सदस्य तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधतो. अर्धा तास चर्चा, स्थगन प्रस्ताव, विधानसभेत नियम २९३ खालची चर्चा, अशी बरीच आयुधं आहेत. 'आयुधं' हा विधिमंडळातलाच शब्द, रूढ आहे.

समित्या मात्र दुर्लक्षित राहतात. लोकलेखा समिती कॅगच्या अहवालांवरून खर्चाची छाननी करते. अंदाज समिती आहे, आश्वासन समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन पुढे पाळलं का, एवढंच ही आश्वासन समिती बघते. आपल्या राज्यात रोजगार हमी योजनेसाठी स्वतंत्र विधिमंडळ समिती आहे. ती जिल्ह्यांत दौरे करते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते, अहवाल देते. कायदा करून विधिमंडळ मोकळं झालं नाही, हे दाखवायचं असेल तर तुमचा पुरावा तिथे आहे.

अधिवेशनं साधारण तीन : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरच्या अधिवेशनामागे १९५३ चा नागपूर करार आहे. संविधानाची अट एवढीच की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. गणपूर्ती एक दशांश किंवा १० सदस्य, यातली जी संख्या जास्त असेल ती. म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १० सदस्य असले तरी कामकाज चालू शकतं.

नोंदी वाचताना

माझ्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगते.

एक, बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. 'होय'वाल्यांचा आवाज मोठा, विधेयक संमत. मतविभागणी झाली नसेल तर कोणत्या आमदाराने कुठे मत दिलं याची नोंदच नसते. त्यामुळे 'अमुक भागातल्या आमदारांनी पाठिंबा दिला' असं लिहायचं तर भाषणाचा आधार द्या, मताचा नको. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. तेव्हा मत म्हणजे त्या माणसाचं मन, असं धरून चालू नका.

दोन, कामकाजाच्या अहवालाची असुधारित प्रत आणि अंतिम प्रत वेगळी असू शकते. पीठासीन अधिकारी काही शब्द कामकाजातून काढून टाकतात. ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दिसतील, अधिकृत अहवालात दिसणार नाहीत. आपण कोणती प्रत वापरली ते लिहून ठेवा.

तीन, प्रत्येक विधेयकासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं आणि खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापनही. आपण सगळे निवेदन वाचतो आणि ज्ञापन सोडून देतो. उलट करून बघा. सरकार काय म्हणतं ते निवेदनात असतं, किती पैसा लागेल असं सरकारला वाटतं ते ज्ञापनात. या दोहोंमधल्या अंतरात कधी कधी आख्खा संशोधन प्रश्न दडलेला असतो.

मग ते वाक्य कसं लिहायचं?

माझं दुरुस्त वाक्य असं झालं : "विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेवरून राज्य शासनाने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर केली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आणि १९७७ च्या अधिनियमाने, २६ जानेवारी १९७९ पासून, काम मागणं हा कायदेशीर हक्क झाला." वाक्य लांब आहे, पण प्रत्येक क्रियेला तिचा कर्ता आणि तिची तारीख आहे. मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त समासात लिहिलं, "आता प्रश्न विचारता येईल."

आणि खरंच प्रश्न सुचू लागले. कराचा जमलेला पैसा दर वर्षी पूर्ण निधीत गेला का? हक्क कायद्यात आल्यावर बेकारी भत्ता प्रत्यक्षात किती जणांना मिळाला? २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा राज्याच्या जुन्या कायद्याचं काय झालं? यातला एकही प्रश्न माझ्या जुन्या वाक्यातून निघाला नसता.

तुमच्या विषयाचं असंच एक वाक्य आज घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. कोणी केलं : सरकारने, विधानसभेने, परिषदेने की राज्यपालांनी? कशाने केलं : जीआरने, अध्यादेशाने, कायद्याने, मागणीवरच्या मतदानाने की नुसत्या आश्वासनाने? आणि केव्हा : मांडलं तेव्हा, संमत झालं तेव्हा की अंमलात आलं तेव्हा? उत्तरं एका कागदावर लिहा आणि मग गाईडकडे जा.